मांजरेच्या पात्रात
आज मांजरा नदीच्या काठाने बरंच चाललो. पात्रात पाणी आहे, पण डबक्यांपुरतं. मधे बाभळी माजल्यात. एका वळणावर वाळू उपसून उपसून खालचा काळा पाषाण उघडा पडलाय, तिथे ओलीचा टिपूस नाही. थोडं पुढे मात्र वाळूचा पट्टा शाबूत होता. हातभर उकरलं तर तळाला ओल लागली आणि बघता बघता झिरा पाण्याने भरला. सोबतचे आजोबा म्हणाले, "अरे, उन्हाळाभर याच पाण्यावर घागरी भरायच्या बायका."

वाळू गेली की हे मुरलेलं पाणी जातं आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. वाळू नेणाऱ्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते याच खोऱ्यात. तरी ऊस आहेच, बोअरही खोलच चाललेत. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला २००९ च्या भूजल कायद्याने बंदी आहे, पण ती पाळणारं गाव मला अजून भेटायचंय. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव मात्र दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. आमच्या पुढच्या ग्रामसभेत हाच विषय मांडणार आहे. गावकऱ्यांनो, या वेळी नक्की या.