मधली पायरी

बारावीची गणिताची वही मी उत्तरावरून तपासत नाही, पायऱ्यांवरून तपासते. कच्च्या मुलाला सुरुवातच सुचत नाही, घाईतला चिन्ह चुकवतो. ह्या मुलाचं दोन्हींत बसेना. इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये यू आणि व्ही अचूक निवडलेले, पहिलं पद बरोबर. मग वजा करून दुसरं पद यायला हवं, तर तिथे पहिलंच पद पुन्हा लिहिलेलं! पानामागून पान तसंच. दहावीला गणितात ९५ गुण मिळवलेला मुलगा. मी लाल शाईने ‘लक्ष दे’ लिहीत राहिले. एकदाही जवळ बसवून विचारलं नाही, ह्याची बोच आहे.

शनिवार-रविवार तो गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर शॅकवर, म्हणजे हंगामी खानावळीत, काम करायचा. सोमवारची गैरहजेरी हजेरीपटावर स्पष्ट दिसत होती. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दप्तरात गांजाची पुडी सापडली आणि स्टाफरूममध्ये सगळे एकदम जागे झाले. ‘दाखला हातात द्या, बाकीची मुलं बिघडतील.’ समुपदेशक ठरावीक दिवशीच येतात, त्या दिवशी नव्हत्या.

त्याला विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाला, ‘टीचर, मदींच सगळें निसटता.’ रोज ओढत होता, दिवाळीपासून.

बैठकीत मी २०१८ सालचा एक अमेरिकी अभ्यास सांगितला. गांजा ओढणाऱ्या १६ ते २५ वयाच्या ८८ जणांचा. ज्यांनी थांबवला त्यांची स्मरणशक्ती सुधारली, बरीचशी पहिल्याच आठवड्यात. ती चाचणी शब्द लक्षात ठेवण्याची होती, गणिताची नव्हे, आणि एकाग्रतेत फरक दिसला नव्हता, हेही सांगितलं. म्हटलं, बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवू, पण वर्गातून काढू नका. वर्गात येणंच सुटलं की त्याला सकाळी उठायला कारण उरत नाही. कुणी वाद घातला नाही. शाळेचं नाव पेपरात येईल, एवढीच सगळ्यांना काळजी.

दाखला दिला नाही. ‘प्रिलिमपर्यंत घरी बसून अभ्यास कर’ असं ठरलं. वडील हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटपर्यंत गप्प बसले होते.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. ‘टीचर, आता तो रोजच शॅकवर जातो.’

बांबोळीला जायचं अजून जमलेलं नाही. संध्याकाळी चारला गणितासाठी माझ्या घरी ये, म्हणून सांगितलंय. दोनदा आला. काल आला नाही.