वॉर्नीटचा चिखल

मेलबर्नला आल्यावर सहाव्या वर्षी सेकंडहँड बोट घेतली. साडेचार मीटरची, ट्रेलरसकट. बाबांना फोन केला तर त्यांनी एवढंच विचारलं, "उतरवणार कुठून?" बाबांचं लहानपण हर्णै बंदरात गेलेलं. मी म्हटलं, इथे जागोजागी रॅम्प आहेत, वर फुकट. गाडी रिव्हर्स घ्यायची, ट्रेलर पाण्यात ढकलायचा, झालं.

पहिल्याच शनिवारी वॉर्नीट गाठलं. घरापासून तासभर, आजूबाजूला कांदळवन, गर्दी अजिबात नाही. खाडी तुडुंब. लाइफ जॅकेटं चढवली (४.८ मीटरपर्यंतची बोट चालू असताना इथे सक्तीचीच) आणि दहा मिनिटांत पाण्यात. बायकोने व्हिडिओही काढला.

दुपारी परतलो. रॅम्प जागेवर होता, पण पाणी नव्हतं. मधे नुसता काळा, चकाकणारा चिखल आणि त्यावर तुरुतुरु पळणारे खेकडे. वॉर्नीट ज्या उपसागरावर आहे त्या वेस्टर्नपोर्टमध्ये भरती-ओहोटीचा फरक तीन मीटरच्या आसपास जातो. आमच्या नेहमीच्या, मेलबर्नला लागून असलेल्या पोर्ट फिलिप उपसागराला मीटरभरसुद्धा नसतो, ती सवय नडली. तीन तास बोटीत बसून चिवडा संपवला.

बाबा पोटभर हसले. "अरे, आम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचो. तुझ्या फोनात तर आयतं कोष्टक आहे ना?"

पुढच्या खेपेला वेस्टर्नपोर्टवरच्याच हेस्टिंग्जला गेलो, तेही बोट घरी ठेवून, मुद्दाम ओहोटीला. रॅम्प बघायचा तर पाणी उतरल्यावरच. भरतीला सगळेच देखणे दिसतात. उतार आठास एकच्या आसपास असावा. फारच सपाट असेल तर गाडीची मागची चाकं बुडेपर्यंत बोट तरंगत नाही. शेजारी जेट्टी हवी, म्हणजे आडवा वारा असला तरी दोर धरून उभं राहता येतं. आणि सिमेंट पाण्याखाली कुठे संपतं ते आधी विचारून घ्यावं. एका रॅम्पवर माझ्यासमोर एकाच्या ट्रेलरची चाकं त्या कडेवरून धप्‌कन खाली गेली होती. वर ओढायला दोन गाड्या लागल्या.

हेस्टिंग्जचा फोटो बाबांना पाठवला. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. उत्तर आलं, "शेवाळ कुठवर आहे?"

परत खाली गेलो. पाण्यापासून वर शेवाळाची चार पावलं मोजली. पाचव्याला घसरलो.