शेकपिशवी, नोंद ९: अखेर एक पिशवी साखरली नाही

काल रात्री साडेनऊला फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी आज सकाळी साडेआठला बाहेर काढली, तर ती हातात पाण्यासारखी डुचमळली. अकरा तास झाले होते, सेन्सरवर ७ अंश होते आणि आत एक कणही गोठलेला नव्हता. आतलं सोडियम ॲसिटेट खरं तर ५८ अंशांना घट्ट व्हायला हवं, आणि ते ७ अंशांना द्रव! टेबलावर ठेवली आणि आतली धातूची चकती दाबली. ती दाबली की द्रव साखरतो आणि शेक देतो, अशी ही पिशवी. टक्. चकतीपाशी पांढरा ठिपका उमटला, त्याचा पंखा झाला, पंख्याच्या सुया कडेपर्यंत धावल्या. दहा-बारा सेकंदांत सगळी पिशवी पांढरी झाली आणि माझ्या गार पडलेल्या बोटांखाली ती तापत गेली. सेन्सर ५४.५ वर थांबला. आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. तिने ती आधी गालाला लावून पाहिली.

दिवाळीपासून चौदा घाण्या केल्या. नोंद ४ ते ८ मध्ये तेच रडगाणं आहे, म्हणून थोडक्यात सांगते: सोडियम ॲसिटेट वितळायचं, पिशवीत भरायचं, निवायला ठेवायचं, आणि ते ५०च्या खाली आलं न आलं तोच आपणहून साखरायचं. एकदा तर मी बघत असताना ४७ला साखरलं. शेक हवा असेल तेव्हा मिळण्याऐवजी तो तिथेच ओट्यावर वाया जायचा.

पहिला संशय कचऱ्यावर होता. तुमच्यापैकी तिघांनी तेच सुचवलं होतं आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण पहिल्या घाण्या मी घरच्या मालाच्या केल्या होत्या: किराण्यातलं ४ टक्क्यांचं व्हिनेगर आणि खायचा सोडा. एका लिटरला ५६ ग्रॅम सोडा लागतो आणि हिशेबाने ९० ग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळायला हवेत. पाच लिटर आटवून माझ्या हाती ३८० ग्रॅम लागले, तेही फिकट चहाच्या रंगाचे. घरभर आंबूस वास चार दिवस होता. मलमलीतून गाळलं, मग कॉफीच्या फिल्टरमधून दोनदा गाळलं. (कॉफी फिल्टर घ्या. मलमलीचे धागे सुटतात.) रंग कमी झाला, पण साखरणं थांबलं नाही. मग प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून तयार सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट आणलं, स्वच्छ, पांढरंशुभ्र. तेही तसंच साखरलं. आता माझं मत असं की व्हिनेगर आटवणं एकदा शिकण्यासाठी करावं, पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. गॅसच जास्त जळतो.

दुसरा संशय पाण्यावर. ट्रायहायड्रेटच्या वजनात जवळजवळ ४० टक्के पाणी असतं, ते स्फटिकातच बांधलेलं. उकळताना त्यातलं थोडं उडालं की तळाला निर्जल ॲसिटेटचा पांढरा साका बसतो आणि तो हलवूनही जात नाही. म्हणून नोंद ७ मध्ये पाणी वाढवत गेले. २०० ग्रॅमला ६० मिलि घातलं तेव्हा पिशवी द्रव राहिली खरी, पण चकती दाबल्यावर आत नुसती लापशी झाली आणि तापमान ४६च्या वर गेलं नाही. शेकायला काही उपयोग नाही. आता २०० ग्रॅमला १० मिलिवर स्थिरावले आहे. साका बसत नाही आणि शेकही उतरत नाही.

मधे दोन आठवडे सेन्सरने खाल्ले. ऑनलाइन घेतलेला के-टाइप थर्मोकपल सगळंच चार अंश जास्त दाखवत होता आणि मी त्या आकड्यांवर विश्वास ठेवून चुकीचे निष्कर्ष काढत बसले. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. कोणताही सेन्सर आला की आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आणि हे लक्षात ठेवा की आपल्याकडे नाशिकला पाणी १००ला नाही, ९८च्या आसपास उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर वर आहोत. आता डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर वापरते. पोलादी नळीतला असल्यामुळे तो सावकाश प्रतिसाद देतो, पण अर्ध्या अंशाच्या आत खरं बोलतो.

खरी गाठ सुटली ती संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, आणि सोडवली आईने.

बहिणीच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण, म्हणून आई काटेरी हलवा करत होती. मंद आचेवर परात, परातीत खसखस आणि साबुदाणा, वरून चमच्याने पाकाचे थेंब आणि बोटांनी सतत फिरवणं. थंडी असली की काटा छान येतो म्हणून ती पहाटे पाचला बसते. मी शेजारी बसून बघत होते. ज्या गोष्टीपायी माझ्या चौदा घाण्या वाया गेल्या ती आई खसखशीच्या दाण्यावर मुद्दाम घडवून आणत होती: एक दाणा द्यायचा, त्याच्यावर साखर बसते, मग त्या साखरेवर पुढची साखर. पाकाचं पातेलं मात्र वेगळं होतं. दर थोड्या वेळाने ती ओल्या फडक्याने पातेल्याच्या आतल्या कडा पुसत होती. कशाला, विचारलं तर म्हणाली, "अगं, कडेला उडालेला पाक वाळून त्याची साखर होते. तिचा एक खडा जरी खाली पडला तरी अख्खा पाक साखरतो."

मी तिथूनच उठले आणि फोनवरचे जुने व्हिडिओ उघडले. आठ घाण्यांचे स्लो मोशन होते. आठपैकी सातांत पांढरेपणा तळातून किंवा मधून सुरू झालाच नव्हता. तो पिशवीच्या मानेतून, सीलच्या खालच्या घडीतून खाली उतरत होता. आठव्यात कोन बरोबर नव्हता, तिथून दिसत नाही. इतके दिवस मी पिशवीच्या पोटाकडे बघत होते.

कारण मग उघड होतं. मी पिशवी उकळत्या पाण्यात सोडायचे, पण मान पातेल्याच्या काठाला चिमट्याने अडकवलेली असायची, पाण्याच्या वर. पोटातलं सगळं वितळायचं. मानेच्या घडीत चिकटलेले थेंब मात्र हवेत, गार. तिथले दोन-चार स्फटिक ५८ला कधी पोचलेच नाहीत. पिशवी निवत आली, द्रव हलून त्या घडीला लागला, की त्यांना लगेच खाद्य मिळायचं. पदार्थ गोठायला नुसता गारठा पुरत नाही. पहिला कण कुठेतरी जमावा लागतो, आणि या पदार्थाला तो आपला आपण जमवणं फार जड जातं. म्हणूनच तो ५०-५० अंश खाली जाऊनही द्रव राहू शकतो. फॅरनहाइटने १७२४ मध्ये लिहून ठेवलंय की काचेत बंद केलेलं पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही त्याला द्रवच दिसलं. पण तयार कण आयता मिळाला तर हे सगळं संपलं. माझ्या मानेच्या घडीत तो कण प्रत्येक वेळी वाट बघत होता.

उपाय अगदी साधा आहे. आता पिशवी पूर्ण बुडवते, मानेसकट. ती तरंगते म्हणून वर स्टीलची ताटली आणि ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता. पाणी उकळायला लागल्यापासून वीस मिनिटं, मधे दोनदा चिमट्याने उलटसुलट करून मान हातमोजा घालून चोळते, म्हणजे घडीतला द्रव खेळता राहतो. ५८ला वितळलं म्हणून थांबू नका. ऐंशीच्या वर गेल्याशिवाय निर्जल साका पुरता विरघळत नाही. भरण्याआधी बीकरमध्ये वितळवताना वर घड्याळकाच, म्हणजे काचेची उथळ बशी, झाकते. वाफ काचेला लागून परत खाली ओघळते आणि कडा आपोआप धुतल्या जातात. आईचं ओलं फडकं तेच काम करतं. बीकरच्या बाबतीत मी हट्टी आहे, बोरोसिलचंच वापरते. स्वस्तातलं एक गरम-गार करताना तळातून गेलं होतं.

पंधरावी, सोळावी आणि सतरावी घाणी अशा केल्या. तिन्ही द्रव राहिल्या. सोळावी दोन दिवस कपाटात होती, सतरावी म्हणजे कालची फ्रिजमधली.

आता मोजमाप, कारण त्यासाठीच हे सगळं चाललं होतं. सोळावी पिशवी खोलीच्या तापमानाला, २२ अंशांना दाबली आणि टर्किश टॉवेलात गुंडाळली. दोन मिनिटांच्या आत ५५, आणि मग तासाभराहून जास्त वेळ ती ५५ आणि ५२च्या मधेच रेंगाळत राहिली. आलेखावर ती जवळपास आडवी रेघ बघताना मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. शाळेत बर्फ वितळतानाचा आलेख काढला होता तसाच हा, फक्त उलट दिशेचा. अप्रकट उष्मा हा शब्द तेव्हा पाठ केला होता, आता तो टॉवेलातून हाताला लागत होता. ट्रायहायड्रेटचा अप्रकट उष्मा किलोला २६४ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे माझ्या २०० ग्रॅममध्ये साधारण ५३. त्यातले वीसेक पिशवीला स्वतःला २२वरून ५५ला न्यायला खर्च होतात. उरतात तेहतीसच्या आसपास. तेवढंच वजन साध्या गरम पाण्याचं घेतलं तर ५५वरून ४५ला येईपर्यंत ते साडेआठ किलोज्यूलसुद्धा देत नाही. आईच्या रबरी पिशवीचं पाणी अर्ध्या तासात कोमट का होतं आणि ही का टिकते, ते एवढ्यावरून कळतं. ५५ अंश थेट कातडीवर नको, भाजतं. टॉवेलाच्या दोन घड्या हव्यातच.

इथपर्यंत सगळं छान. पण पिशवी शुद्ध झाली आणि नवीन अडचण उभी राहिली: माझ्या चकत्या चालेनाशा झाल्या. सकाळची पिशवी उठली ती मेडिकलमधून आणलेल्या जुन्या, फाटलेल्या शेकपिशवीतून काढलेल्या चकतीने. माझ्याकडे तशी ती एकच आहे. स्टीलच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या माझ्या चकत्या टक् आवाज करतात, पण पंधराव्या पिशवीत तीस-चाळीस वेळा दाबूनही काही झालं नाही. आधीच्या घाण्यांत त्या चालतात असं मला वाटत होतं. आता लक्षात येतंय की तिथे मानेतले कणच काम करत होते. श्रेय चकतीला मिळत होतं.

विकतच्या चकतीला भिंगाखाली धरलं तर तिच्यावर बारीक चिरा दिसतात. त्या चिरांमध्ये ॲसिटेटचे अतिसूक्ष्म कण इतके घट्ट धरलेले राहतात की उकळीतही ते तगतात, आणि चकती वाकली की मोकळे होतात, असं सांगितलं जातं. मी माझ्या चकतीवर पातळ कानसीने चरे पाडले, ती साखरलेल्या पिशवीत ठेवून दाबून-वाकवून चरे भरून घेतले, मग उकळली. पाच उकळ्यांत तीनदा चालली, दोनदा नाही. मला वाटतं माझे चरे फार रुंद आहेत, कण त्यात वितळून जातात. आज दुपारपर्यंतचा बेत होता की हातोडीने पत्रा ठोकून त्यात केसासारख्या भेगा आणायच्या.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. आई दह्याला विरजण लावते ते काय वेगळं आहे? चकतीचा हट्ट कशाला, चिमूटभर विरजण बाहेरूनच द्यावं. पिशवीच्या मानेला बारीक नळी, नळीत एक कोरडा स्फटिक, मधे घट्ट चिमटा. हवं तेव्हा चिमटा काढायचा. उकळताना मात्र ती नळी पाण्याबाहेर आणि चिमट्याच्या पलीकडे राहील, म्हणजे जी चूक मला तीन महिने नडली तीच इथे मुद्दाम करायची. सलाइनच्या नळीला असतो तसला चाकाचा चिमटा घरात आहे. हातोडीचा बेत तूर्त मागे.

आणि दह्यावरून आणखी एक. निफाडच्या मावशीकडे या दिवसांत पारा एक आकडी होतो आणि रात्री लावलेलं दही सकाळी दूधच असतं. दह्याला चाळीस-पंचेचाळीस अंश काही तास हवेत. कॅसरोलमध्ये खाली ही पिशवी, वर टॉवेलची एक घडी, तिच्यावर दह्याचं भांडं. गुडघे शेकायला २०० ग्रॅम ठीक होतं, याला निदान अर्धा किलो लागेल असं दिसतंय. मावशीला फोन केला, ती शनिवारी ये म्हणाली.

सतरावी पिशवी आता परत उकळून फ्रिजमध्ये ठेवली आहे. उद्या पहाटे आई उठायच्या आधी टेबलावर काढून ठेवीन, चकती आपणच दाबणार असं तिने बजावलंय. तुमच्यापैकी कोणाकडे फुटलेली, गळणारी जुनी शेकपिशवी पडली असेल तर टाकायच्या आधी चकती काढून घ्या, आणि तिच्या चिरांचा भिंगातून जवळून फोटो काढता आला तर इथे टाका. मला त्यांची रुंदी बघायची आहे.