आधी पाणी, मग तेल

भाचीच्या लग्नाला तीन आठवडे घरी, औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) जाऊन आले. अमेरिकेत परत येऊन महिना झाला तरी एक वाक्य डोक्यातून जात नाही. हळदीच्या दिवशी पार्लरवाली घरी आली होती. तिने माझ्या लेकीच्या डोक्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, हिचे केस स्ट्रेट करून टाकू या, फोटो चांगले येतील." लेकीला मराठी चांगलं समजतं. ती काही न बोलता उठली आणि गच्चीवर निघून गेली.

त्याच सकाळी चार तास बसून मी तिच्या वेण्या घातल्या होत्या.

लेक आमच्याकडे इथिओपियातल्या अदिस अबाबाहून 2015 मध्ये दत्तक आली, दीड वर्षाची असताना. तिच्या केसांच्या वळ्या पेन्सिलीपेक्षा बारीक आहेत. एक बट ओढून धरली तर पाठीच्या मध्यापर्यंत येते, सोडली की परत कानाशी. त्यामुळे घरी दर खेपेला तोच प्रश्न: "हिचे केस वाढत का नाहीत गं?" एक काकू तर हमखास सांगतात, "जावळ नीट काढलं नसेल. एकदा गोटा कर, दाट येतील." काकू, केस दाटच आहेत. माझ्या मुठीत एका वेळी अर्धेसुद्धा मावत नाहीत.

पहिल्या वर्षी मी चुकले, तेही लिहायला हवं. माझ्या आईने माझं जे केलं तेच मी केलं. रात्री खोबरेल चोळायचं, सकाळी न्हाऊ घालायचं, केस वाळले की टाळूपासून खाली फणी फिरवायची. इथल्या थंडीत केस कोरडे दिसतात म्हणून आणखी तेल, तेल झालं म्हणून पुन्हा शाम्पू, तोही एक दिवसाआड. फणी दिसली की पोर पलंगाखाली जायची. त्या हिवाळ्यात लोकरीच्या टोपीखाली मानेवरच्या केसांचा असा गुंता झाला की मला आजीच्या तोंडचा 'जट' हा शब्द आठवला. मी घाबरून कात्री लावली. रुपयाएवढी जागा उघडी पडली.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. वॉशिंग्टनच्या या भागात इथिओपियन लोकांची फार मोठी वस्ती आहे, आणि सिल्व्हर स्प्रिंगमध्ये इंजेरा (त्यांचा आंबवलेल्या पिठाचा, धिरड्यासारखा पदार्थ) आपल्याकडे पोळीभाजी मिळते तितक्या सहज मिळतो. तो घ्यायला दुकानात गेले होते. गल्ल्यावरच्या बाईंनी लेकीची टोपी वर करून पाहिली. आता या बोलणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी गल्ला बहिणीकडे दिला, आम्हाला मागच्या खोलीत नेलं, लेकीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. म्हणाल्या, "आधी पाणी. तेल नंतर."

दहा वर्षं झाली, मी तेच करते आहे. सरळ केसांवरून टाळूचं तेल आपसूक टोकापर्यंत उतरतं. इतक्या वळणांच्या केसात ते वाटेतच अडतं, म्हणून टोकं कायम कोरडी राहतात आणि जिथे वळण तिथे केस तुटतो. वरून लावलेलं तेल ओलावा देत नाही. असलेला ओलावा धरून ठेवतं. म्हणून आधी पाणी, मग क्रीम, मग थोडंसं तेल किंवा शिया बटर. न्हाणं आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी. ओल्या केसांत कंगवा घालू नये हे आपण लहानपणापासून ऐकलं. इथे कोरड्या केसांना कंगवा लावायचाच नाही.

आमचा रविवार यातच जातो. केसांचे चार भाग, तीन भाग चिमट्यांनी बांधून ठेवायचे. चौथ्यावर पाण्याचा फवारा, मग कंडिशनर, अगदी बुळबुळीत होईपर्यंत. मग बोटं. बोटांना गुंता कळतो, कंगव्याला कळत नाही. टोकाकडून बोटभर सोडवायचं, मग त्याच्या वरचं बोटभर, असं करत टाळूपर्यंत. गाठ लागली तर वरचा केस दुसऱ्या हाताने घट्ट धरायचा, म्हणजे ताण टाळूला बसत नाही. शेवटी मोठ्या दातांचा कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत अलगद सरकला की लेक डोळे मिटते. मग टाळूला चिकटून जाणाऱ्या वेण्या. इथिओपियात त्यांना शुरुबा म्हणतात, आणि सागरवेणी येत असेल तर बोटांना ती पटकन जमते. रात्री रेशमी टोपी, कारण सुती उशी सगळा ओलावा शोषून घेते. ती टोपी आईने जुन्या साडीची शिवून पाठवली आहे.

दुकानातल्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या गावाकडे बायका केसांना लोणी लावतात. हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबर घरात आली पोर."

इथे सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. रांगेत उभं असताना अनोळखी बायका "किती गोड" म्हणत सरळ तिच्या केसांत हात घालतात. केसांवरून, वेण्यांवरून भेदभाव करू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला, आमच्या मेरीलँडने 2020 मध्ये. तो करावा लागला याचं कारण शाळेत आणि नोकरीत या केसांना नीटनेटकं मानत नव्हते. तरी कायदा आहे, हे मी लेकीला सांगू शकते. पण ती मला विचारते, "आई, भारतात सगळ्यांना माझे केस दुरुस्त का करायचे असतात?"

लग्नात तर एका नातेवाइकाने मागून 'हबशी' म्हटलं. आमच्या गावात! हे औरंगाबाद शहर खडकी या नावाने 1610 मध्ये वसवलं ते मलिक अंबरने, इथिओपियातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाने. त्याच्या नहरीने, म्हणजे जमिनीखालच्या कालव्याने, शहराला पाणी दिलं. गावातले लोक रोज ज्या भडकल दरवाजावरून जातात, तो त्याचाच. मी तिथल्या तिथे हे सुनावलं. जेवणाच्या पंगतीत आवाज चढला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

2018 च्या जानेवारीत इथिओपियाच्या संसदेने परदेशी दत्तक बंद केलं. बाहेर गेलेल्या मुलांचे हाल होतात, त्यांची ओळख हरवते, ही त्यामागची चिंता. बातमी वाचून मी रात्रभर जागी होते. आम्ही सगळं नियमाने केलं, अदिसला दोन खेपा केल्या, न्यायालयात उभे राहिलो. तरी ती चिंता खोटी आहे असं मला म्हणता येत नाही. मला माझे रविवार तेवढे दाखवता येतात.

हळदीच्या त्या दिवशी मी गच्चीवर गेले तेव्हा आई आधीच तिथे होती. कानामागची एक वेणी सुटली होती. आईने तांब्यात बोटं बुडवली, केस ओले केले आणि टोकाकडून सोडवायला घेतले. लेक म्हणाली, "आजी, घट्ट नको." आई म्हणाली, "बरं." मग मोगऱ्याचा गजरा दोन वेण्यांच्या मधून ओवला आणि दोघी खाली आल्या.