टेक्सासात राहून १४ राज्यांचे टॅक्स रिटर्न भरले, माझा अनुभव

टेक्सासात नोकरी लागली तेव्हा सांगलीला फोन करून बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की इथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, फक्त फेडरल म्हणजे केंद्राचा भरायचा, विषय संपला. बाबा म्हणाले, असं कुठं असतंय होय? मी म्हटलं असतंय. त्यांचं म्हणणं खरं निघायला दीड वर्ष लागलं.

मी एनबीएच्या (इकडची मोठी बास्केटबॉल लीग) एका टीमचा असिस्टंट फिजिओ आहे. टीमचं नाव घेत नाही, टेक्सासात तीन आहेत त्यातली एक समजा. पगार ९० हजार डॉलर, म्हणजे आमच्या बेंचवरच्या शेवटच्या खेळाडूच्या तुलनेत चिल्लर. काम म्हणजे घोटे, गुडघे, हॅमस्ट्रिंग, आणि टीमबरोबर विमानाने गावोगाव हिंडणं. सीझनला ८२ मॅच, त्यातल्या निम्म्या बाहेरगावी.

पहिल्या वर्षी जानेवारीत डब्ल्यू-२ आला (आपल्या फॉर्म १६ चा अमेरिकन भाऊ) तो सात पानी. एका पानावर दोनच राज्यं मावतात म्हणून सात पानं. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, युटा, मिनेसोटा, पेनसिल्व्हेनिया, अशी लाईनच लागलेली आणि प्रत्येकापुढे थोडी कमाई, थोडा कापलेला टॅक्स. मला वाटलं कापलाय ना, मग झालं की. कोपऱ्यावरच्या टॅक्सवाल्याकडे गेलो, त्याने पहिलं पान बघितलं, पत्ता टेक्सासचा बघितला, फेडरल भरून दिलं आणि हसत पाठवलं. पुढच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाचं पत्र आलं की तुमची आमच्याकडे कमाई दिसतेय, रिटर्न कुठाय. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, रिटर्न मी भरलाच नव्हता.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका काकूंनी एका सीपीए (इकडचे सीए) मॅडमचा नंबर दिला, त्या आधी आइस हॉकी खेळाडूंचे रिटर्न करायच्या. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "ड्यूटी डेज लिहून ठेवलेत का?" मी म्हटलं कसले डेज?

तर दुसऱ्या राज्यात जाऊन जितके दिवस काम केलं तेवढ्या कमाईवर ते राज्य जो टॅक्स लावतं, त्याला इकडे जॉक टॅक्स म्हणतात. अधिकृत नाव नाही ते, कायद्यात नॉन-रेसिडेंटचा इन्कम टॅक्सच आहे, पण खेळाडूंवर तो जितक्या काटेकोरपणे लावला जातो तितका कोणावरच नाही, कारण खेळाडू कुठल्या दिवशी कुठल्या गावात होता हे टीव्हीवर सगळ्या जगाला दिसतं आणि पगारही पेपरात छापून येतो. कॉम्प्युटरवाला दोन दिवस क्लायंटकडे शिकागोला जाऊन आला तर कोणाला पत्ता लागतो. गोष्ट सांगतात ती १९९१ ची, शिकागो बुल्सने फायनलमध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सना हरवलं आणि कॅलिफोर्नियाने बुल्सच्या खेळाडूंकडून तिथे खेळलेल्या दिवसांचा टॅक्स मागितला. इलिनॉयने चिडून लगेच कायदा केला की जे राज्य आमच्या खेळाडूंवर टॅक्स लावेल त्यांच्या खेळाडूंवर आम्हीही लावू, लोक त्याला मायकल जॉर्डनचा बदला म्हणायला लागले. मग बाकीच्यांनाही कळलं की हे तर बरं उत्पन्न आहे. आणि नियमात नुसते खेळाडू नाहीत, टीमबरोबर नेहमी प्रवास करणारे सगळे येतात, कोच, ट्रेनर, फिजिओ. करोडपतींसाठी टाकलेल्या जाळ्यात माझ्यासारखे छोटे मासे पण येतात.

हिशोब तसा सोपा आहे. वर्षात कामाचे एकूण ड्यूटी डेज किती आणि त्यातले अमुक राज्यात किती, त्या प्रमाणात पगार त्या राज्याचा. माझे ऑफ-सीझनमधले कामाचे दिवस धरून २२५ झाले, म्हणजे एक दिवस ४०० डॉलरचा. कॅलिफोर्नियात ९ दिवस होतो, त्यांच्या वाट्याला ३६०० डॉलर. दर मात्र ३६०० वर ठरत नाही हां, तो माझ्या पूर्ण ९० हजारांवर ठरतो आणि मग प्रमाणात घेतात. मला वाटलेलं एवढ्याशा रकमेवर सगळ्यात खालचा स्लॅब लागेल, मॅडम हसल्या.

किचकट आहे ते दिवस मोजणं. मॅच किंवा प्रॅक्टिस असेल तो दिवस त्या राज्याचा, पण नुसताच प्रवासाचा दिवस असेल, संध्याकाळी हॉटेलात उतरलो आणि झोपलो, तर तो एकूण दिवसांत धरायचा पण कुठल्याच राज्याच्या खात्यात नाही. त्यात टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि सीझन ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे एका रिटर्नमध्ये दोन अर्धेमुर्धे सीझन. फ्लोरिडा, टेनेसी इथे इन्कम टॅक्स नाही म्हणून ते दिवस फुकट, आणि वॉशिंग्टन डीसीत पण फुकट, कारण बाहेरच्यांच्या कमाईवर टॅक्स लावायची परवानगी काँग्रेसनेच (अमेरिकेची संसद) डीसीला दिलेली नाही. उलट फिलाडेल्फियाला एकच दिवस होतो, ४०० डॉलरवर पेनसिल्व्हेनिया राज्याचे १२ डॉलर आणि फिलाडेल्फिया शहराचे वेगळे पावणेचौदा. राज्यापेक्षा शहर महाग!

बाबांना हे सांगितलं तर त्यांना आपला प्रोफेशनल टॅक्स आठवला. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २५०० रुपये, बँकेत असताना त्यांचा वर्षानुवर्षं कापला गेला. गंमत म्हणजे टेनेसीचा पण एक असाच टॅक्स होता, इन्कम टॅक्स नाही म्हणून एनबीए आणि हॉकीच्या खेळाडूंना एका मॅचचे २५०० डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त तीन मॅचचे. पगार कितीही असो, रक्कम तीच, त्यामुळे कमी पगाराच्या पोरांना त्या रात्री खेळून खिशातले द्यायची वेळ यायची. २०१४ साली तो रद्द करायचा कायदा झाला, हॉकीवाले लगेच सुटले, एनबीएवाले २०१६ मध्ये. चेन्नईची टीम वानखेडेवर खेळायला आली आणि महाराष्ट्राने प्रत्येकाकडून मॅचमागे पावती फाडली तर काय होईल, विचार करा.

आता माझी खरी डोकेदुखी. डिसेंबरमध्ये ईस्टची एक ट्रिप होती, न्यूयॉर्कला दोन मॅच आणि बॉस्टनला एक. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या एका खेळाडूची हॅमस्ट्रिंग गेली, तो घरी राहिला आणि त्याचं रिहॅब करायला मीही घरी राहिलो. पण टीमच्या पेरोलने (पगार काढणारा विभाग) मॅचचं वेळापत्रक उघडलं आणि सरसकट सगळ्यांना न्यूयॉर्कचे दोन आणि मॅसॅच्युसेट्सचा एक दिवस लावून टाकला. मी ईमेल केला तर उत्तर आलं, आम्ही शेड्यूलप्रमाणेच करतो. अहो पण मी तिथे नव्हतोच!

मॅडमना सांगितलं तर त्यांनी जेफ सॅटर्डेची केस सांगितली, ती ऐकून मला फारच बरं वाटलं. तो इंडियानापोलिसचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू, २००८ मध्ये त्याची टीम क्लीव्हलंडला गेली तेव्हा हा दुखापतीमुळे इंडियानापोलिसलाच रिहॅब करत बसलेला, तरी क्लीव्हलंड शहराने त्याच्या पगारावर टॅक्स लावला. त्याच्याच जोडीने शिकागो बेअर्सच्या हंटर हिलेनमायरची केस होती. क्लीव्हलंड दिवस मोजायचंच नाही, मॅच मोजायचं, २० मॅचपैकी १ आमच्याकडे म्हणजे ५ टक्के पगार आमचा. दिवसांनी मोजलं तर तो एखाद टक्का निघतो, कारण फुटबॉलवाला आठवडाभर सराव करतो आणि एक दिवस खेळतो. २०१५ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टात दोघंही जिंकले. पिट्सबर्गचंही तसंच झालं, बाहेरच्या खेळाडूंकडून स्टेडियम वापरायची फी म्हणून ३ टक्के घ्यायचे, ती २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने काढून टाकली.

केस ऐकून हुरूप आला पण पुरावा मलाच द्यायचा होता. माझ्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे रिहॅबच्या नोंदी, तारीख वेळ सगळं असतं, पण ती दुसऱ्याची मेडिकल माहिती, ती मी पेरोलला कशी देणार. मग पार्किंगच्या गेटचा कार्ड लॉग मागवला, क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट काढलं, आणि त्यात इंडियन ग्रोसरीची पावती सापडली, मेथीची जुडी आणि पोहे, बॉस्टनच्या मॅचच्याच दिवशी संध्याकाळी ७ वाजता टेक्सासात. ती जोडली. तीन आठवडे इकडून तिकडे ईमेल फिरले. तोवर एप्रिल आला, रेग्युलर सीझन संपतो नेमका १५ एप्रिलच्या आसपास आणि टॅक्सची तारीख पण तीच, त्यामुळे एक्स्टेंशन टाकलं (एक्स्टेंशन फॉर्म भरायला मिळतं, पैसे भरायला नाही, हे लक्षात ठेवा). मेमध्ये एकदाचा सुधारलेला डब्ल्यू-२सी हातात आला.

आणि मग कळलं की जिथे पाय ठेवला नाही त्या न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सचेही रिटर्न भरायचेत, नाहीतर कापलेले पैसे परत कसे मिळणार! असे मिळून १४. सगळ्या राज्यांचा टॅक्स जोडून सहाशे डॉलरच्या आत बाहेर, आणि रिटर्नमागे ६० प्रमाणे मॅडमची फी ८४०. बायको म्हणाली न्यूयॉर्क-मॅसॅच्युसेट्सचे ६० डॉलर परत मिळवायला १२० दिलेस. दिले, कारण चुकीचं रेकॉर्ड तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी पण शेड्यूलप्रमाणेच करतील.

लोक म्हणतात खेळाडू टेक्सास-फ्लोरिडाला टॅक्ससाठी पळतात, ते खरंय पण अर्धवट. समजा पगार १ कोटी डॉलर आणि २०० ड्यूटी डेज, म्हणजे दिवसाला ५० हजार. टेक्सासवाला कॅलिफोर्नियात ९ दिवस खेळला की तिथेच पंचावन्न हजारांच्या आसपास टॅक्स. वर ह्याला घरी क्रेडिट मिळत नाही, कारण घरचा टॅक्सच नाही तर वजा कशातून करणार. तरी तो फायद्यातच असतो, कारण लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्याच्या पूर्ण १ कोटीवर कॅलिफोर्निया हात मारतं, वरचा दर १३.३ टक्के, म्हणजे बारा लाखांच्या वर. म्हणून साइनिंग बोनसची (करारावर सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम) एवढी मारामारी, नीट लिहिलेला असेल तर बहुतेक राज्यांत तो दिवसांत वाटला जात नाही, राहत्या राज्यातच धरतात. आणि बेसबॉलच्या शोहेई ओहतानीचं तर सगळ्यांना माहीतच आहे, ७० कोटी डॉलरच्या करारातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये मिळणार, तोवर तो कॅलिफोर्निया सोडून गेला तर १९९६ च्या फेडरल कायद्यामुळे कॅलिफोर्नियाला त्यावर टॅक्स लावता येणार नाही. तिथल्या कंट्रोलर (राज्याच्या हिशोबाच्या प्रमुख) बाईंनी काँग्रेसला सांगितलंय की ह्याला मर्यादा घाला. माझ्या पगारात उद्यावर ढकलण्यासारखं काही नाही, घरभाडंच आधी उभं असतं.

आता मी फोनमध्ये रोज एक ओळ लिहितो. तारीख, गाव, मॅच / प्रॅक्टिस / नुसता प्रवास / घरी. आमचा इक्विपमेंटवाला पण माझं बघून लिहायला लागला, त्याचेही रिटर्न दहाच्या वर होतात.

जुलैमध्ये त्या हॅमस्ट्रिंगवाल्या खेळाडूच्या अकाउंटंटचा फोन आला. त्यालाही पेरोलने तेच तीन दिवस लावले होते, आणि त्याच्या लेव्हलला तीन दिवस म्हणजे बारा हजारांच्या वर. तो त्या आठवड्यात टेक्सासात होता ह्याची नोंद कोणाकडे आहे म्हणून विचारत होते. खेळाडूने स्वतः लेखी परवानगी दिली, मग मी तारखा दिल्या, माझा पार्किंग लॉग पण दिला. मेथीची पावती मात्र त्यांनी घेतली नाही.

नंतर त्याने माझ्या लॉकरपुढे बुटांचा एक नवा कोरा जोड ठेवला, सही करून. १५ नंबरचे आहेत, मला ९ लागतो. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी विचारलं, ह्याच्यावर टॅक्स कुठल्या राज्याचा रे?