टंगस्टन होतं, पण बीटा नव्हतं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे काम आलं: पाच नॅनोमीटर टंगस्टन, त्यावर पर्मॅलॉय (निकेल-लोखंडाचा चुंबकीय मिश्रधातू), आणि टंगस्टनमधल्या विद्युतप्रवाहाचा किती भाग स्पिन करंट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा (त्याच्या अंगच्या चुंबकीय गुणाचा) प्रवाह होतो ते मोजायचं. हे प्रमाण म्हणजे स्पिन हॉल कोन. जड धातूत इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या गतीशी घट्ट बांधलेला असतो. प्रवाह आडवा सोडला की एका दिशेचे स्पिन वर वळतात, उलट दिशेचे खाली. द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी हे १९७१ मध्येच सांगून ठेवलंय. वर आलेले स्पिन पर्मॅलॉयच्या चुंबकत्वाला ढकलतात; आम्ही तो धक्का पकडतो.

गिगाहर्ट्झचा प्रवाह सोडायचा, चुंबकीय क्षेत्र बदलत न्यायचं आणि अनुनादाजवळ उमटणारे मायक्रोव्होल्ट लॉक-इनवर (गोंगाटातून बारीक सिग्नल वेचणाऱ्या उपकरणावर) बघायचे. त्या वक्राचा सममित भाग मुख्यतः स्पिन करंटचा. माझ्याकडे तो जेमतेम दिसत होता. टंगस्टनचे अणू दोन प्रकारे रचले जातात, अल्फा आणि बीटा. कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये बीटा-टंगस्टनचा स्पिन हॉल कोन ०.३ च्या आसपास मोजला होता, म्हणून मी दीड महिना वायर, कॉन्टॅक्ट, केबल असं सगळं बदलत बसलो. टंगस्टनच्या फिल्मवर संशयच आला नाही, कारण एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची रचना ओळखण्याच्या चाचणीत) ४० अंशांजवळ पीक होतं आणि वहीत मी ठळक अक्षरांत ‘बीटा’ लिहून ठेवलं होतं.

तिथेच फसलो. बीटाचं एक पीक ३९.९ अंशांवर येतं, अल्फाचं ४०.३ वर. इतक्या पातळ फिल्ममध्ये पीक एवढं पसरतं की हा फरक त्यातच बुडून जातो.

लॅबमधल्या सीनियर ताईंनी एकच विचारलं, “नुसत्या टंगस्टनची रेझिस्टिव्हिटी किती आली?” म्हणजे प्रवाहाला तो धातू किती अडवतो. मी मोजलीच नव्हती. चार टोकांनी रोध मोजणारा फोर-प्रोब लावला: ३५ मायक्रोओहम-सेंटीमीटर. बीटाची शंभराच्या बरीच वर हवी. म्हणजे निव्वळ अल्फा, ज्याचा कोन ०.०७ च्याही खाली! नुसत्या फिल्मचा रोध आधी मोजावा, हे मी आता प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

मग स्पटरिंगची (आर्गॉनच्या आयनांनी धातूचे अणू उडवून फिल्म बसवण्याची) पॉवर उतरवली, आर्गॉनचा दाब वाढवला. अणू कमी ऊर्जेने येऊन बसले तर बीटा टिकतं. तीन सॅम्पल वाया गेली. चौथ्यात १९० मायक्रोओहम-सेंटीमीटर आले, आणि लॉक-इनवर सममित भाग ठसठशीत दिसला.

त्याच रात्री प्लॅटिनमचं जुनं सॅम्पल शेजारी मोजलं. प्रवाहाच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा असममित भाग दोन्हींत एकाच बाजूला, सममित मात्र बरोबर उलटा: प्लॅटिनममध्ये उंचवटा, टंगस्टनमध्ये खड्डा. म्हणजे दोन धातूंत स्पिन उलट बाजूंना वळतात.