रिकामा हौदा आणि बर्फाचा रस्ता

पहिल्या हिवाळ्यात मागच्या चाकांची बर्फावरची पकड वाढावी म्हणून मी माझ्या पिकअप गाडीच्या हौद्यात वाळूची चार पोती ठेवली, आणि तीही मागच्या फाळक्याला अगदी टेकवून. त्यामागे काही विचार नव्हता. पस्तीस-पस्तीस किलोची पोती आतपर्यंत सरकवण्याचा मला कंटाळा आला होता, इतकेच. दुसऱ्या दिवशी, ज्या चढावर मागची चाके जागच्या जागी फिरत राहायची तो चढ गाडी निमूटपणे चढली आणि मी स्वतःवर खूश झालो. चार दिवसांनी एका वळणावर मी स्टिअरिंग फिरवले, पुढची चाके वळलीसुद्धा, परंतु गाडी सरळ रेषेत कडेच्या बर्फाच्या ढिगाकडे निघाली. वेग बेताचा होता, त्यामुळे बंपरपलीकडे कशालाच इजा झाली नाही.

चूक कुठे झाली हे कागदावर मांडल्यावर कळले. समजा, गाडीच्या दोन ॲक्सलांमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये, ३.५ मीटर अंतर आहे आणि १४० किलोची पोती मागच्या ॲक्सलच्याही एक मीटर मागे ठेवलेली आहेत. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर १४० नव्हे तर १८० किलो भार वाढतो, आणि वरचे ४० किलो येतात ते पुढच्या चाकांवरून. म्हणजे ढकलणारी चाके बळकट झाली आणि वळवणारी चाके दुबळी. शिवाय मागची बाजू दबल्याने हेडलाइटचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. आता पोती ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, चाकांच्या दोन कमानींच्या मध्ये असतात आणि पट्ट्यांनी घट्ट आवळलेली असतात, कारण जोराचा ब्रेक लागला की मोकळे पोते केबिनच्या मागच्या काचेकडे झेपावते.

रिकामी पिकअप बर्फावर इतकी लाचार का होते, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. इंजिन आणि केबिन पुढे, हौदा मोकळा, आणि बहुतेक पिकअपमध्ये ताकद जाते ती मागच्या चाकांकडे. मागच्या स्प्रिंगांचे पाटे ओझे पेलण्यासाठी कडक बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीचे मागचे अंग खडबडीत, गोठलेल्या चाकोऱ्यांवर टणाटण उडते आणि उडालेल्या चाकाला पकड कसली?

वाळूने हा दोष किती भरून निघतो, याचा एक ढोबळ हिशेब मी केला आहे. गाडी २,००० किलोची धरली आणि त्यातले ४२ टक्के वजन मागे धरले, तर ढकलणाऱ्या चाकांवर ८४० किलो येतात. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण गुणांक, म्हणजे चाकावरच्या भाराच्या मानाने मिळणारी पकड, ०.२ मानला, तर ही गाडी फार तर ८.४ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरमागे साडेआठ मीटरहून किंचित कमी उंचीचा, चढ चढेल. ॲक्सलवर १५० किलो वाळू ठेवली की ही मर्यादा ९.२ टक्क्यांवर जाते. मात्र पोती न ठेवता, चांगल्या हिवाळी टायरांमुळे घर्षण गुणांक ०.२ ऐवजी ०.३ मिळाला, तर ती १२.६ टक्क्यांवर पोहोचते. हे आकडे पाहिल्यावर माझा वाळूवरचा विश्वास संपला नाही, पण तिचा क्रमांक मात्र खाली आला: पैसे आधी टायरांवर, मग इतर गोष्टींवर.

फोर-व्हील ड्राइव्हने, म्हणजे ताकद चारही चाकांना मिळाली की, ०.२ घर्षणावरही हाच आकडा २० टक्क्यांपर्यंत जातो आणि नेमका इथेच माणूस फसतो. चढताना चारही चाके ओढतात हे खरे. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत फोर-व्हील ड्राइव्हवाल्याला काहीही जास्तीचे मिळालेले नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यानंतर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते, ०.२ घर्षणाच्या बर्फावर तिला सुमारे ५० मीटर लागतात आणि ०.३ मिळाले तर ३३. इथे वाळूही कामाची नाही, कारण वजनाने पकड वाढते तितकेच थांबवायचे ओझेही वाढते. ज्या रस्त्यावर गाडी सहज पळू लागते, त्या रस्त्यावर ती सहज थांबेलच असे नाही, हे मला त्या बर्फाच्या ढिगाने शिकवले असे म्हणता येईल.

हिवाळी टायरचे रहस्य त्याच्या नक्षीइतकेच रबरातही असते. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचीक राहते आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा उघडून रस्त्याला चिकटतात. खाचांमध्ये बर्फ भरला म्हणजे टायर निकामी झाला असे मला वाटत असे. प्रत्यक्षात तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरून ठेवतो, बर्फाचा गोळा करताना कण एकमेकांना चिकटतात तसा. टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरातली हिमकणिका कोरलेली असेल, तर बर्फावरची चाचणी झालेली असते. नुसती ‘एम अँड एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे केवळ नक्षीची रचना सांगतात. खाचा ४ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की मी टायर बदलतो. थंडीत हवेचा दाब आपोआप उतरतो, दर साडेपाच अंशांमागे सुमारे एक पीएसआय (टायरमधला दाब मोजण्याचे एकक), म्हणून तो गाडी थंड असतानाच तपासावा. टायरांवर चढवायच्या साखळ्या मी क्वचितच लावतो, पण त्या कोरड्या अंगणात एकदा लावून पाहिल्या होत्या, त्याचा फायदा झाला.

चालवण्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. निघताना दुसरा गिअर आणि हलका पाय. उतारावर अचानक खालचा गिअर टाकू नये, कारण इंजिनाच्या ओढीने हलकी मागची चाके अडखळतात आणि गाडीचे शेपूट बाजूला जाते. शून्य अंशाच्या आसपासचा ओलसर बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा अधिक घसरडा असतो, तेव्हा ऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नये.

आणि तरीही गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबत राहणे सर्वांत वाईट, कारण फिरणारे चाक आपल्याखालचा बर्फ वितळवते आणि तोच पुन्हा गोठून आरशासारखा होतो. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेत, घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे चाक चांगल्या जागी उभे असूनही ढिम्म राहते. आधी धूर बाहेर सोडणाऱ्या नळीचे तोंड मोकळे करावे, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. मग फावड्याने चारही चाकांपुढचा बर्फ काढून मागच्या चाकांखाली वाळू पसरावी. वाळू मात्र कोरडी हवी, ओली वाळू पोत्यातच दगड होते. मी चारपैकी एका पोत्याचे तोंड आधीच उसवून दोरीने सैल बांधून ठेवतो, कारण गोठलेल्या बोटांनी ती शिवण निघत नाही.